अमेरिकेत कायदा शिकायचाय? आधी सनद कुठली हवी ते ठरवा

प्रश्न विचारणारी नाशिकची आहे. पुण्यातून पाच वर्षांचं बीएसएल एलएलबी केलं, सनद घेतली आणि मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये तीन वर्षं कॉर्पोरेटचं काम केलं. आता अमेरिकेत एलएल.एम.साठी तीन ठिकाणी प्रवेश मिळालाय. पहिलं न्यूयॉर्कमधलं जगभर गाजलेलं नाव, शिष्यवृत्ती शून्य. दुसरं त्याच शहरातलं मधल्या फळीतलं, अर्धी फी माफ. तिसरं वॉशिंग्टनमधलं, थोडीफार सवलत. त्यात पुण्यातला कन्सल्टंट म्हणतोय, एलएल.एम. सोडा आणि थेट जे.डी. (अमेरिकेतली वकिलीची मूळ, तीन वर्षांची पदवी) करा. वडील फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत. त्यांचं एकच म्हणणं, 'यातलं चांगलं कॉलेज कुठलं ते नक्की सांग.'

फ्लॅटचे कागद तूर्त कपाटातच राहू द्या. मी न्यूयॉर्कची सनद घेऊन बरीच वर्षं इथे वकिली करते आहे, आणि दर वसंतात असे दहा-बारा प्रश्न माझ्याकडे येतात. सगळ्यांची सुरुवात कॉलेजच्या नावापासून होते. खरं तर सुरुवात शेवटापासून करायला हवी: पदवी हातात पडल्यावर तुम्ही कुठल्या शहरात, कुठल्या सनदेवर आणि कुठल्या व्हिसावर काम करणार? हे ठरलं की तीन कॉलेजांपैकी दोन आपोआप गळतात. कधीकधी तिन्ही गळतात.

आधी क्रमवारीचं बघू, कारण वडिलांच्या मनात तीच असणार. यू. एस. न्यूज या प्रकाशनाची दरवर्षी निघणारी लॉ स्कूल्सची यादी आणि त्यातली वरची चौदा नावं सगळ्यांना पाठ असतात. ही यादी जे.डी.ची आहे. जे.डी.ला येणाऱ्यांचे प्रवेशपरीक्षेचे गुण, जे.डी. होऊन बाहेर पडणाऱ्यांच्या नोकऱ्या, जे.डी.वाल्यांचे बार परीक्षेचे (म्हणजे सनदेच्या परीक्षेचे) निकाल, यांवर ती बेतलेली असते. एलएल.एम.चा विद्यार्थी त्या हिशोबात कुठेच नसतो. (शिवाय येल आणि हार्वर्डने नोव्हेंबर २०२२ मध्ये या यादीला माहिती देणंच बंद केलं, आणि त्यांच्या मागोमाग इतरही बाहेर पडली.) पेटीवर देवगड छापलं म्हणून आतला आंबा देवगडचाच असतो असं नाही, तसंच हे आहे. वरच्या नावाखाली चालणारा एलएल.एम. वर्ग उत्तम असेल किंवा फीचं उत्पन्न वाढवण्यासाठी फुगवलेला असेल. यादीवरून ते कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अमेरिकन बार असोसिएशन, म्हणजे एबीए, मान्यता देते ती जे.डी. अभ्यासक्रमाला. एलएल.एम.ला ती रीतसर मान्यता देत नाही. त्या अभ्यासक्रमामुळे जे.डी.च्या शिक्षणाला बाधा येत नाही ना, एवढं बघून हरकत घेत नाही, इतकंच. त्यामुळे जे.डी.च्या बाबतीत कॉलेजांना जे आकडे जाहीर करावेच लागतात, ते एलएल.एम.च्या बाबतीत करावे लागत नाहीत. किती जणांना नोकरी लागली, कुठे लागली, किती जण बार पास झाले, हे न सांगण्याची कॉलेजला पूर्ण मोकळीक असते. माहितीपत्रकात 'आमचे माजी विद्यार्थी अमुक नामांकित फर्ममध्ये आहेत' असं वाक्य दिसलं, तर ते विद्यार्थी एलएल.एम.आधीच त्या फर्मच्या साओ पाउलो किंवा टोकियो कचेरीत काम करत होते का, हे विचारा. पुष्कळदा तसंच असतं. फर्मनेच त्यांना वर्षभरासाठी शिकायला पाठवलेलं असतं.

म्हणून आकडे मागूनच घ्यायचे. तिन्ही कॉलेजांच्या प्रवेश विभागाला एकच ईमेल पाठवा: मागच्या दोन बॅचमधले भारतीय पदवीधर किती होते, त्यातले वर्षभरानंतर अमेरिकेत पगारी कायदेशीर काम करणारे किती, त्यातले स्वतःच्या जुन्या फर्मकडेच परतलेले किती, आणि न्यूयॉर्क बारला पहिल्या प्रयत्नात पास झालेले किती? उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समजा. मग लिंक्डइनवर जाऊन त्या कॉलेजचे दोन-तीन वर्षांपूर्वीचे भारतीय एलएल.एम. शोधा आणि त्यांच्याशी फोनवर बोला. कॉलेजने ओळख करून दिलेले विद्यार्थी बहुधा खूश असलेलेच असतात. त्यांच्याशीही बोला, पण एक तरी असा गाठा की जो परत गेलाय. 'कसं होतं?' असं मोघम विचारू नका. एलएल.एम.साठी करिअर ऑफिसमध्ये स्वतंत्र माणूस होता का, वर्ग जे.डी.वाल्यांबरोबर होते की वेगळे, बारला लागणारे विषय वेळापत्रकात बसले का, प्राध्यापकाने कुणाला फोन करून शब्द टाकला का, असं नेमकं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर त्या कॉलेजला माझ्याकडून एक गुण जास्त.

आता सनद. अमेरिकेत देशभर चालणारी एकच सनद नाही, प्रत्येक राज्याची आपापली आहे. बरीच राज्यं एबीए-मान्य जे.डी. नसेल तर परीक्षेला बसूच देत नाहीत. परदेशी पदवीधरांना खऱ्या अर्थाने दार उघडं असलेली दोन मोठी राज्यं म्हणजे न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया.

न्यूयॉर्कसाठी तिथल्या कोर्ट ऑफ अपील्सचा नियम ५२०.६ वाचा. दोन-तीन पानांचा आहे, आणि तुम्ही वकील आहात. बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्स दोन गोष्टी बघतं: तुमचं कायद्याचं शिक्षण कालावधीने अमेरिकन शिक्षणाच्या तोडीचं आहे का, आणि तुमच्या देशाचा कायदा इंग्लिश कॉमन लॉवर आधारलेला आहे का. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर एलएल.एम. न करताही परीक्षेला बसता येतं. भारतातले बरेच वकील असे थेट बसलेले आहेत. दोहोंपैकी एकच बाब कमी पडत असेल तर अमेरिकेतल्या एलएल.एम.ने ती भरून काढता येते. दोन्ही कमी पडत असतील तर एलएल.एम.चाही उपयोग नाही.

म्हणजे ज्या कारणासाठी कोटभर रुपये घालायला निघालात, ते कारण तुमच्या बाबतीत कदाचित मुळातच नसेल. निर्णय बोर्डाचा असतो आणि तो प्रत्येकाच्या कागदांवरून होतो, त्यामुळे मी इथून खात्री देणार नाही. पण पाच वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेलं कॉलेज आणि हातात सनद, अशा अर्जाला मी निराशेने बघणार नाही. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या वर्गांत, नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी केलेल्यांनी मात्र जास्त सावध राहावं, कारण तिथे कालावधीचा प्रश्न निघू शकतो.

एलएल.एम.च्या आधारे बसायचं असेल तर कुठलंही एलएल.एम. चालत नाही. एबीए-मान्य लॉ स्कूलमध्ये किमान २४ क्रेडिट हवीत. त्यात व्यावसायिक नीतिनियमांची दोन, कायदेशीर संशोधन-लेखनाची दोन, अमेरिकन कायदाव्यवस्थेच्या ओळखीची दोन, आणि न्यूयॉर्क बारला येणाऱ्या विषयांची सहा क्रेडिट. वर्ग प्रत्यक्ष अमेरिकेत बसून करायचे, ऑनलाइन एलएल.एम. यासाठी बाद. कन्सल्टंट कितीही गोड बोलला तरी बाद.

परीक्षेनंतरही काम संपत नाही. व्यावसायिक नीतीची वेगळी परीक्षा आहे, न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यास आणि चाचणी आहे, ५० तास मोफत कायदेसेवा आहे, आणि कौशल्याची अट आहे. या शेवटच्या अटीत तुमची तीन वर्षं कामी येतात: आपल्या देशात सनद घेऊन किमान एक वर्ष पूर्णवेळ वकिली केली असेल तर ती त्या अनुभवावर पूर्ण करता येते. पदवीनंतर लगेच निघणाऱ्यांना यासाठी वेगळी सोय करावी लागते. 'आधी दोन-तीन वर्षं काम करा, मग जा' असं मी सगळ्यांना सांगते, त्यामागे हेही एक कारण आहे.

कॅलिफोर्नियाचं गणित वेगळं आहे. ज्याच्याकडे आपल्या देशाची वकिलीची सनद आहे, तो एलएल.एम.शिवाय तिथल्या बार परीक्षेला बसू शकतो. परीक्षा अवघड म्हणून बदनाम आहे आणि ती बदनामी खोटी नाही. पण दार उघडं आहे, आणि आपल्याकडे हे सांगणारं कुणी भेटत नाही.

एक समज इथेच खोडून टाकते. 'न्यूयॉर्कमध्ये यूबीई (अनेक राज्यांची सामाईक बार परीक्षा) असते, तिचे गुण सगळीकडे चालतात' हे अर्धसत्य आहे. गुण दुसऱ्या राज्यात नेता येतात, पात्रता नेता येत नाही. न्यूयॉर्कला पास व्हायला २६६ गुण लागतात. तुम्ही ३०० मिळवलेत तरी ज्या राज्याला एबीए जे.डी.च हवी, ते राज्य तुम्हाला घेणार नाही.

कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे हुशार मुलांचीही वर्षं वाया जातात. बोर्डाला तुमच्या गुणपत्रिका तुमच्याकडून नको असतात, त्या विद्यापीठाने थेट पाठवायच्या असतात. प्रवेशाचे कागद गोळा करून कॉलेजांना पाठवणाऱ्या एलसॅक या संस्थेची जी सेवा आहे तिचंही तेच: ट्रान्सक्रिप्ट, विद्यापीठाचा बंद लिफाफा, आणि लिफाफ्याच्या झाकणावर अर्धी आत अर्धी बाहेर अशी सही-शिक्का. हा शिक्का पुसट आला किंवा झाकणाऐवजी मागे पाठीवर मारला की लिफाफा नाकारला जाऊ शकतो. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागात खिडकीवरच्या माणसाला हे नीट समजावून सांगावं लागतं. कॉलेजच्या मार्कशीटवरची नावं जुळत नाहीत, आईचं नाव एका सत्रात आहे आणि दुसऱ्यात नाही, लग्नानंतर आडनाव बदललंय, असं काही असेल तर त्याचा खुलासा आधीच तयार ठेवा. दोन लिफाफे लागत असतील तर चार करून घ्या. बोर्डाचं मूल्यांकन व्हायला महिने लागतात; ज्या जुलैत परीक्षा द्यायची त्याच्या वर्षभर आधी अर्ज गेलेला बरा. या कामासाठी कुठल्याही कॉलेजात प्रवेश लागत नाही. आज मुंबईत बसून करता येतं.

आता व्हिसा. वडिलांना हा परिच्छेद वाचायला द्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतली की १२ महिने काम करता येतं, ते ओपीटी. इंजिनिअरिंगवाल्या चुलत भावाला मिळालेली आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ कायद्याच्या पदवीला मिळत नाही. एलएल.एम. मे महिन्यात संपतं. बार परीक्षा जुलैच्या शेवटी. ओपीटी पदवीनंतर ६० दिवसांच्या आत सुरू व्हावी लागते, आणि ती सुरू झाली की एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. म्हणजे तुम्ही परीक्षेला बसून बाहेर येईपर्यंत घड्याळ सुरू झालेलं असतं. परीक्षेचा निकाल लागायला ऑक्टोबर उजाडतो. पुढच्या मार्चमध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. ती लागली तर ऑक्टोबरपासून काम, नाही लागली तर सामान बांधा. एलएल.एम.वाल्याला सोडतीची संधी बहुधा एकच मिळते, आणि तीही नोकरी आधी मिळाली असेल तरच.

सोडतीत जागा ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. अमेरिकेतच राहून एफ-१वरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही असं नंतर स्पष्ट झालं, म्हणून 'आधी भारतात जाऊन येते, मग बघू' हा विचार आता महागात पडू शकतो. २०२६ पासून सोडतीत जास्त पगाराच्या अर्जांना झुकतं माप आहे. छोट्या फर्ममध्ये कमी पगारावर लागणाऱ्या एलएल.एम.ला याचा फटका बसतो. हे नियम वरचेवर बदलतात. डिपॉझिट भरायच्या आठवड्यात इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

मग नोकऱ्या मिळतच नाहीत का? मिळतात. जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये परदेशी एलएल.एम.साठी मुलाखतींचा मेळा भरतो, त्यात मोठ्या फर्म्स येतात. पण तिथे ब्राझील, जपान, जर्मनीच्या वकिलांना जास्त मागणी दिसते, कारण त्या देशांचं काम आणि भाषा फर्मला हवी असते. भारताचं काम असलेल्या अमेरिकन फर्म्स ते बहुतेक सिंगापूर, हाँगकाँग किंवा लंडनमधून करतात. तुमचं कॉर्पोरेटचं काम कॅपिटल मार्केटकडे झुकलेलं असेल, तर न्यूयॉर्कची सनद घेऊन तिथे अर्ज करणं मॅनहॅटनमध्ये उंबरे झिजवण्यापेक्षा शहाणपणाचं आहे. हे मी पाहिलेल्या कितीतरी जणांच्या बाबतीत खरं ठरलंय.

पैसे. वरच्या कॉलेजांत नुसती फी वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे गेली आहे. न्यूयॉर्कमध्ये राहणं, खाणं, विमा धरला की सव्वा लाख डॉलरपर्यंत सहज जातं. डॉलर नव्वद रुपयांच्या आसपास धरला तर एक कोटी दहा लाख, तेही नऊ महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी. त्यात बार परीक्षेची शिकवणी, परीक्षा फी आणि उन्हाळ्यातल्या अडीच महिन्यांचं घरभाडं बहुतेक जण धरतच नाहीत. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर पैसे पाठवताना टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) कापला जात नाही; स्वतःच्या खात्यातून पाठवले तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर कापला जातो. तो रिटर्न भरताना हिशोबात मिळतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

शिष्यवृत्तीसाठी घासाघीस होते, आणि ती करण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या कॉलेजचं अर्ध्या फीचं पत्र जोडून पहिल्याला लिहा: तुमच्याकडेच यायचंय, पण इतकी तफावत भरून काढणं शक्य नाही, फेरविचार कराल का? पत्र सभ्य, लहान आणि आकडा देणारं असावं. मिळाले तर दहा-पंधरा हजार डॉलर मिळतात, न मिळाले तर काही बिघडत नाही. मिळालेला प्रवेश यामुळे कुणी काढून घेत नाही.

बाहेरच्या मदतीत जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देत आलंय. के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी कर्ज देतो. इनलॅक्सची शिष्यवृत्ती घेऊनच धनंजय चंद्रचूड हार्वर्डला गेले होते. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स शिष्यवृत्तीत आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय बसतो, पण तिच्यासोबत जे-१ व्हिसा आणि दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट येते. अमेरिकेत राहायचा इरादा असेल तर हे अर्ज करण्याआधी समजून घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या अटी आणि तारखा आदल्या वर्षीपासून बघून ठेवाव्या लागतात.

बाबासाहेब शिकले म्हणून कोलंबियाच हवं, असं मला अनेक मुलं सांगतात. भावना समजते, त्या इमारतींमधून जाताना माझ्याही मनात ते येतं. पण बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते ते अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकायला. बॅरिस्टर ते लंडनच्या ग्रेज इनमधून झाले. कोलंबियाने त्यांना कायद्याची डॉक्टरेट दिली ती १९५२ मध्ये, सन्मान म्हणून. त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचं तर त्यांनी विषय बघून संस्था निवडली होती, हेही ध्यानात घ्या.

विषय बघून निवडायचं तर यादी वेगळीच होते. करकायद्यासाठी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि जॉर्जटाउन. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि नियामक संस्थांचं काम असेल तर वॉशिंग्टनमध्ये असण्याला स्वतःचं मोल आहे. बौद्धिक संपदेसाठी जॉर्ज वॉशिंग्टन, सांता क्लारा, न्यू हॅम्पशायरचं फ्रँकलिन पिअर्स. लवादासाठी मायामी, वाद-निवारणासाठी पेपरडाइनची स्ट्रॉस इन्स्टिट्यूट. सागरी कायदा म्हटलं की न्यू ऑर्लिन्सचं टुलेन. जेएनपीटी आणि मुरगावच्या कामात असलेल्या वकिलाने हार्वर्डऐवजी तिकडे बघावं असं मी बिनदिक्कत म्हणेन. पर्यावरणासाठी व्हर्माँट आणि पोर्टलंडचं लुइस अँड क्लार्क, तेल-ऊर्जेसाठी ह्यूस्टन. येलचं एलएल.एम. प्राध्यापकी करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, फर्मच्या नोकरीसाठी नाही. स्टॅनफर्डला आधीचा कामाचा अनुभव लागतो आणि वर्ग लहान असतात.

कन्सल्टंटच्या जे.डी.च्या सल्ल्याकडे वळते. तो कमिशनसाठी बोलत असेल (पुष्कळांना कॉलेजकडून पैसे मिळतात, विचारा), पण मुद्दा निराधार नाही. अमेरिकेतच आयुष्यभर वकिली करायची असेल तर जे.डी. हाच राजमार्ग आहे. सगळ्या राज्यांची दारं उघडतात, मोठ्या फर्म्स पहिल्या वर्षातच उन्हाळी नोकरीसाठी मुलं निवडायला लागतात, आणि त्या फर्म्समधला पहिल्या वर्षाचा पगार २,२५,००० डॉलर आहे. मात्र हा पगार वरच्या थराचा. बाकीच्यांचे पगार ६०-९० हजारांत घोटाळतात, मधे फार कमी जण असतात. तीन वर्षांचा खर्च सव्वातीन-साडेतीन कोटी रुपये. तुमच्या भारतीय पदवीचं जास्तीत जास्त एक तृतीयांश श्रेय देण्याची कॉलेजांना मुभा आहे, त्यामुळे नॉर्थवेस्टर्नसारख्या काही ठिकाणी परदेशी वकिलांसाठी दोन वर्षांचं जे.डी. असतं. काही कॉलेजं एलएल.एम.वरून जे.डी.ला बदलीही देतात. प्रवेशासाठी एलसॅट लागते, बऱ्याच ठिकाणी जीआरईही चालते. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधले लॉजिक गेम्स गेले, म्हणून ताईच्या मैत्रिणीची जुनी पुस्तकं घेऊ नका.

जे.डी.साठी कॉलेज निवडताना आकडे हाताशी असतात, ते वापरा. प्रत्येक एबीए-मान्य कॉलेज एबीएच्या नियम ५०९ खालची माहिती आणि नोकऱ्यांचा अहवाल संकेतस्थळावर टाकतं. नोकऱ्यांच्या तक्त्यात 'एकूण नोकरीत' हा वरचा आकडा सोडून द्या. ज्या नोकरीला बारची सनद लागते, पूर्णवेळ आहे, दीर्घ मुदतीची आहे, तेवढाच रकाना बघा, आणि त्यातून कॉलेजने स्वतःच्या पैशाने दिलेल्या नोकऱ्या वजा करा. मग खाली कुठल्या तीन राज्यांत मुलं लागली ते बघा. ओहायोतल्या कॉलेजची मुलं ओहायोत लागतात. तिथून न्यूयॉर्कला यायचं स्वप्न बघू नका. ५०९च्या पानावर सशर्त शिष्यवृत्तीचा तक्ता असतो: किती जणांना दिली, किती जणांची पहिल्या वर्षानंतर काढून घेतली. गुण एकमेकांच्या तुलनेत दिले जातात, म्हणून वर्गातल्या काही जणांची शिष्यवृत्ती जाणं हे आधीच ठरलेलं असतं. तो आकडा मोठा दिसला तर 'अर्धी फी माफ' म्हणजे एका वर्षाची अर्धी फी माफ असं समजून हिशोब करा.

परतायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: तुमची भारतीय सनद आहे, त्यामुळे एलएल.एम. करून आल्यावर कोर्टात उभं राहायला अडचण नाही. पण भारतात बी.कॉम.सारखी पदवी करून थेट अमेरिकन जे.डी. घेणाऱ्या भारतीयाला परत आल्यावर बार कौन्सिलची वेगळी परीक्षा द्यावी लागते, तीही त्याचं विद्यापीठ मान्यताप्राप्त असेल तर. धाकट्या भावंडांनी विचारलं तर त्यांना हे सांगा.

तर तुमच्या तीन पत्रांचं काय करायचं? तुमचं काम कॉर्पोरेट आहे आणि व्यापार किंवा नियामक क्षेत्रात जायचं असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, म्हणून वॉशिंग्टन माझ्या यादीतून गेलं. मोठ्या नावाला पूर्ण फी देऊन, फ्लॅट तारण ठेवून जाऊ नका. त्या नावाने मुलाखती दोन-चार जास्त मिळतील, सोडतीतलं नशीब बदलणार नाही, आणि मुंबईच्या पगारावर एक कोटीचा हप्ता फिटत नाही. त्यांनी किमान एक तृतीयांश फी कमी केली आणि तुमची सध्याची फर्म परत घ्यायला लेखी तयार असेल, तर मात्र जा. मुंबईत पार्टनर होताना त्या नावाचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अर्ध्या फीचं कॉलेज तेव्हाच घ्या, जेव्हा बोर्ड सांगेल की तुम्हाला एलएल.एम. लागतंच. आणि बोर्डाने थेट परवानगी दिली, तर यंदा कुठेच न जाता मुंबईतून अभ्यास करून पुढच्या वर्षी जुलैची परीक्षा द्या, पंचवीसेक लाखांच्या आत सगळं आटपतं. सनद हातात घेऊन सिंगापूरला अर्ज करा, आणि एलएल.एम. तरीही करावंसं वाटलं तर दोन वर्षांनी शिष्यवृत्तीवर करा.

या आठवड्यात तीन कामं. मोठ्या कॉलेजला फेरविचाराचं पत्र. तिन्ही कॉलेजांना डिपॉझिटची मुदत दोन-तीन आठवडे वाढवून मागणारा ईमेल. कारण विचारलं तर शिष्यवृत्तीचं उत्तर यायचंय असं खरं ते सांगा, बहुतेक देतात. आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज. जाताना मूळ मार्कशीट, झेरॉक्स आणि बोर्डाच्या पत्त्याची छापील चिठ्ठी घेऊन जा, पत्ता हाताने लिहायला देऊ नका. लिफाफा बंद होईल तेव्हा तिथेच उभ्या राहा आणि शिक्का झाकणावरच पडतोय ना ते बघा.